एकच आजार, चार सल्ले : प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार निवडताना

भवानीनगर, सणसर, काटेवाडी या पट्ट्यात सत्तरीच्या घरातली माणसं भेटली की गुडघेदुखीपाठोपाठ विषय निघतो तो लघवीचा. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय, कुणाला गोळ्यांनी बरं वाटलं, कुणाचं बारामतीला ऑपरेशन झालं. या बोलण्यात एखाद्याच्या बाबतीत 'कर्करोग' हा शब्द येतो आणि तिथून कोडं सुरू होतं. एकाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासू. दुसऱ्याची अख्खी ग्रंथी काढलेली असते. तिसरा महिनाभर पुण्यात राहून शेक घेऊन आलेला असतो. चौथ्याला दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, बाकी काही नाही.

नाव एकच, मग सल्ले चार कसे? घरच्यांना वाटतं, पहिल्याच्या डॉक्टरांनी हयगय केली किंवा दुसऱ्याला विनाकारण कापलं. प्रत्यक्षात हे चारही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या आजारात उपचाराची निवड खरोखरची निवड असते. ती करायला बहुतेकांना पुरेसा वेळही असतो, आणि तो वेळ वापरला पाहिजे.

ग्रंथी कुठे असते, गाठ कुठे होते

मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे प्रोस्टेट ही छोटी ग्रंथी असते. वीर्यातला पातळ भाग तिथे तयार होतो. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधून जाते. वय वाढतं तसा ग्रंथीचा आतला, नळीभोवतीचा भाग फुगतो, नळी दाबली जाते आणि लघवीला त्रास होतो. ही वाढ कर्करोगाची नसते, आणि तिचं पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही.

कर्करोग बहुतेक वेळा सुरू होतो तो बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात. तिथली छोटी गाठ नळीला दाबत नाही, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात ते यासाठीच. पुष्कळजण या तपासणीला लाजून नकार देतात, पण ती अर्ध्या मिनिटात होते.

इथे एक गैरसमज फार आढळतो. "माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीच झालंय, मला कसा होईल?" ते ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून नळीभोवतीचा फुगलेला भाग खरवडून काढण्याचं असतं. बाहेरचा भाग तसाच राहतो आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. कधी कधी खरवडून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत कर्करोग अचानक सापडतो. अशा वेळी "आता काढूनच टाकलंय" असं समजून स्वस्थ बसू नये. पुढच्या तपासण्या करायच्याच असतात.

रिपोर्टवर काय वाचायचं

उपचार ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींवर. पहिली, रक्तातला पीएसए. हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन. १० पेक्षा कमी, १० ते २० आणि २० च्या वर असे ढोबळ टप्पे मानतात. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा नुकताच घातलेला कॅथेटर यांनीही हा आकडा चढतो, म्हणून एकट्या पीएसएवर कर्करोगाचं निदान होत नाही. त्यासाठी बायोप्सी लागते. सुईने ग्रंथीच्या वेगवेगळ्या भागांतून, साधारण बारा ठिकाणांहून, बारीक तुकडे घेतात.

दुसरी गोष्ट ग्लीसन गुण, आणि घाबरगुंडी उडते ती इथेच. अमेरिकेतले रोगनिदानतज्ज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत आखली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडली आहे हे बघून दोन आकडे देतात आणि त्यांची बेरीज करतात. ३+३=६, ३+४=७, ४+५=९ अशी. बेरीज जास्तीत जास्त १० होते. त्यामुळे '६' दिसला की घरच्यांना वाटतं, निम्म्याहून जास्त बिघडलं. पण आजच्या पद्धतीत बायोप्सीवर ६ पेक्षा कमी गुण दिलाच जात नाही. म्हणजे ६ ही सर्वांत खालची, सर्वांत सौम्य पायरी. हा घोटाळा टाळण्यासाठी आता रिपोर्टवर १ ते ५ असा गटही लिहितात. ६ म्हणजे गट १. ७ चे मात्र दोन प्रकार होतात. ३+४ हा गट २ आणि ४+३ हा गट ३. बेरीज सारखीच असली तरी दुसऱ्यात बिघडलेल्या पेशींचा वाटा मोठा असतो आणि उपचारही जास्त कडक लागतो. म्हणून नुसती बेरीज विचारू नका, दोन्ही आकडे कोणत्या क्रमाने आहेत तेही बघा.

तिसरी गोष्ट पसरण. गाठ ग्रंथीतच आहे, वेष्टनाबाहेर आली आहे, की लसिकाग्रंथी आणि हाडांपर्यंत गेली आहे, हे एमआरआय, हाडांचा स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅन यांतून कळतं. हाडांत पसरलेल्या आजाराला आणि ग्रंथीतच असलेल्या आजाराला नाव एकच असलं तरी उपचाराच्या दृष्टीने ते दोन वेगळे आजार आहेत.

या तिघांच्या जोडीला डॉक्टर रुग्णाचं वय आणि बाकीची तब्येत बघतात. हा कर्करोग बहुधा संथ वाढतो, त्यामुळे पुढची दहा वर्षं तरी आयुष्य धरता येईल का हा प्रश्न मनात ठेवूनच सल्ला दिला जातो. हृदय अगदी कमजोर असलेल्या ८२ वर्षांच्या माणसाला गट १ च्या गाठीसाठी मोठं ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर त्याचं भलं करत नाही.

थांबणं हाही उपचार

सगळ्यात पचायला जड जाणारा सल्ला हा. कर्करोग आहे आणि काही करायचं नाही? पण यामागे भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा अभ्यास झाला. ५० ते ६९ वयाचे, पीएसए तपासणीत लवकर सापडलेल्या आणि ग्रंथीतच असलेल्या कर्करोगाचे १,६४३ पुरुष त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटावर फक्त लक्ष ठेवलं, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला किरणोपचार दिले. १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू झाले ते लक्ष ठेवलेल्यांत ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के. हा फरक इतका लहान आहे की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्ष ठेवलेल्या गटात कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, बाकीच्या दोन गटांत ते ५ टक्क्यांच्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी १५ वर्षांत केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेच. म्हणजे थांबणं हे कायमचं दुर्लक्ष नव्हे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी आणि आकडे हलले की उपचार, असा तो क्रम आहे. मधल्या वर्षांत लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक सुख शाबूत राहतं, हा त्याचा फायदा.

आपल्याकडे याला एक अट घालावी लागते. तारखेला तपासणीला जाणारा माणूस हवा. गळीत हंगाम आहे, तोडणी आलीय, लग्नसराई आहे म्हणून दोन वर्षं रक्त न तपासणाऱ्यासाठी हा मार्ग धोक्याचा आहे, आणि डॉक्टरांना तसं प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं. शिवाय हे सगळं लवकर सापडलेल्या, सौम्य गाठीला लागू. आपल्याकडे बरेच रुग्ण आजार पुढे गेल्यावर डॉक्टरांकडे पोहोचतात. त्यांच्यासाठी थांबण्याचा पर्याय राहत नाही.

काढून टाकणं

शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी आणि तिच्यामागच्या वीर्यपिशव्या काढतात आणि मूत्राशय खालच्या नळीला पुन्हा जोडतात. आठवडा-दहा दिवस कॅथेटर असतो, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. काढलेल्या ग्रंथीची पूर्ण तपासणी होते, आजार नेमका किती होता ते कळतं आणि पीएसए जवळजवळ शून्यावर येतो. पुढे तो पुन्हा चढू लागला तर किरणोपचार देता येतात. उलट क्रमाने, म्हणजे आधी किरणोपचार आणि मग शस्त्रक्रिया, हे फार अवघड काम. तुलनेने तरुण रुग्णाला डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, त्यात हाही एक विचार असतो.

किंमत मोजावी लागते ती जागेमुळे. लघवी रोखून धरणारा स्नायू ग्रंथीला अगदी लागून आहे आणि ताठरता आणणाऱ्या नसा तिच्या दोन्ही बाजूंनी जातात. प्रोटेक्ट अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावा लागत होता. सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. म्हणजे बहुतेकांचं सुधारतं, सगळ्यांचं नाही. लैंगिक क्षमतेवरचा परिणाम याहून मोठा असतो.

'रोबोट' हा शब्द आता जाहिरातींत सर्रास दिसतो. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जन त्याचे हात चालवतात. रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर घरी जातो. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांचा निकाल मशीनपेक्षा सर्जनच्या अनुभवावर जास्त अवलंबून असतो. मशीनसाठी शेत गहाण टाकण्याआधी सर्जनना एवढंच विचारा, हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता?

शेक, आणि टाटामधला अभ्यास

किरणोपचाराची भीती नावापुरतीच असते. भाजत नाही, दुखत नाही, केस जात नाहीत. आधी सीटी स्कॅन करून आराखडा काढतात आणि कातडीवर खुणा करतात. रोज जाताना पोट साफ हवं आणि ठरलेलं पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं हवं. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि किरणांच्या वाटेतून दूर ठेवतं. गुदाशयात गॅस असेल तर ग्रंथी जागची हलते, म्हणून आधी छायाचित्र घेऊन जागा जुळवतात. आदल्या दिवशी हरभऱ्याची उसळ खाऊन गेलेल्या रुग्णाला कधी कधी टेबलावरून उठवून पुन्हा बाहेर बसवतात, ते यामुळे. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच चालू असतात.

लघवीला जळजळ, वारंवार शौच हे त्रास उपचाराच्या काळात होतात आणि बहुधा ओसरतात. काहींना पुढे शौचातून रक्त जातं. लैंगिक क्षमता एकदम जात नाही, हळूहळू घटते.

मध्यम किंवा जास्त धोक्याच्या आजारात किरणांच्या जोडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात, कधी चार-सहा महिने, कधी दोन-तीन वर्षं. आपल्याकडे आजार पुढे गेलेले रुग्ण जास्त असल्याने मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक महत्त्वाचा प्रश्न हाती घेतला. जास्त धोक्याच्या रुग्णात किरण फक्त ग्रंथीला द्यायचे, की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही? स्कॅनमध्ये त्या निरोगी दिसल्या तरी तिथे सूक्ष्म पेशी दडलेल्या असू शकतात. डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर ही तुलना केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पीएसए पुन्हा न चढता पाच वर्षं काढणारे, फक्त ग्रंथीला किरण दिलेल्यांत ८१.२ टक्के होते आणि लसिकाग्रंथींनाही दिलेल्यांत ९५ टक्के. लघवीचा त्रास दुसऱ्या गटात काहीसा जास्त होता आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात तोपर्यंत फरक दिसला नव्हता. तरीही हा अभ्यास आता जगभर उद्धृत होतो. परळच्या रुग्णालयात आलेल्या साध्यासुध्या रुग्णांनी सहभाग दिला म्हणून हे उत्तर मिळालं, याचा मला मोठा अभिमान वाटतो.

लांबच्या रुग्णासाठी आणखी एक बातमी चांगली आहे. पूर्वी हा उपचार साडेसात-आठ आठवडे चालायचा. आता बऱ्याच ठिकाणी २० दिवसांत, म्हणजे चार आठवड्यांत तो पूर्ण होतो. कमी आणि मध्यम धोक्याच्या निवडक रुग्णांना फक्त पाच वेळा जास्त मात्रेचे किरण देऊनही तितकाच चांगला परिणाम मिळतो, हे 'पेस-बी' या ८७४ रुग्णांच्या अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवलं. त्याला अचूक यंत्र आणि अनुभवी चमू लागतो, पण पर्याय आहे का हे विचारायला हरकत नाही.

पाणी तोडणं

आजार हाडांत पोहोचला असेल तर ग्रंथी काढून तो संपत नाही. तिथे कामाला येते ती एक जुनी ओळख. प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतात. शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की हे हार्मोन बंद केलं तर पसरलेला कर्करोगही आक्रसतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन बंद झालं तर इंदापूरच्या शेवटच्या टोकाचा ऊस वाळायला लागतो. तसंच इथे होतं. टेस्टोस्टेरॉनचा मुख्य प्रवाह वृषणांतून येतो. तो बंद करण्याचे दोन मार्ग. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत राहायचं, किंवा छोट्या शस्त्रक्रियेने वृषणं काढायची. परिणाम सारखाच. पहिल्यात इंजेक्शन थांबवलं की प्रवाह पुन्हा सुरू होऊ शकतो, पण खर्च चालूच राहतो. दुसऱ्यात एकदाच खर्च, कायमचा बंद. ज्याला तारखेला इंजेक्शन मिळण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग कमीपणाचा नाही, व्यवहाराचा आहे.

कालवा बंद झाला तरी ज्याची स्वतःची बोअर आहे त्याचा ऊस तग धरतो. काही पेशीही तेच करतात. शरीरातल्या इतर ठिकाणचं, अगदी स्वतः तयार केलेलं हार्मोन वापरू लागतात. ॲबिरॅटेरॉन ही गोळी ती बोअर बंद करते. पसरलेल्या आजारात ही गोळी शेवटासाठी राखून न ठेवता सुरुवातीपासून दिली तर रुग्ण जास्त जगतात, हे २०१७ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून तिची किंमतही पुष्कळ उतरली आहे.

हार्मोन बंद झाल्याचे परिणाम अंगावर दिसतात. अचानक गरम होऊन घाम फुटतो, स्नायू उतरतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, इच्छा मावळते. रोजचं चालणं, थोडा वजनाचा व्यायाम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांकडे गोळीइतकंच लक्ष द्यायला हवं.

चौकट : इथे थांबू नका

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाला पाठीत तीव्र दुखून पायांतली ताकद कमी होऊ लागली, पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेला, तर मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचा. उशीर झाला तर चालणं कायमचं जाऊ शकतं. लघवी पूर्ण तुंबली तरीही वाट पाहायची नाही. आणि घरात दोघांना हा आजार असेल किंवा बहिणींना, मावश्यांना स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर भावांनी आणि मुलांनी पंचेचाळिशीपासून पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

भवानीनगरहून हिशेब मांडताना

पुस्तकात न सापडणारा घटक म्हणजे अंतर. बायोप्सीपर्यंतचं बरंचसं काम बारामतीत होऊ शकतं, तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढच्या उपचारासाठी पुणं शंभर किलोमीटरहून लांब, मुंबई त्याहून पुढे. दुसऱ्या बाजूला सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. वीस दिवस रोज किरण घ्यायचे तर राहायचं कुठे, सोबत कोण, घरची जनावरं कोण बघणार, हे प्रश्न वैद्यकीय प्रश्नांइतकेच खरे आहेत. ते डॉक्टरांसमोर बोलून दाखवा, त्यावरून आराखडा बदलू शकतो. टाटामध्ये उपचार असतील तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण आणि नातेवाइकांसाठी आहे. रेल्वे आणि एसटीच्या तिकिटात कर्करोगाच्या रुग्णांना सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार त्यात येतात. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. पैसे भरून झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

राहिली सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्याकडे मुलगा आत जाऊन डॉक्टरांशी बोलतो, वडील बाहेर बाकावर बसतात आणि त्यांना "गाठ आहे, बरी होईल" एवढंच सांगितलं जातं. मायेपोटीच होतं हे. पण लवकर सापडलेल्या आजारात जगण्याच्या दृष्टीने तिन्ही मार्ग जवळपास सारखे. फरक पडतो तो लघवी गळण्यात, शौचाच्या त्रासात, नवरा-बायकोच्या नात्यात, फेऱ्यांत आणि मनाच्या शांततेत. त्यातलं काय सोसेल आणि काय नाही, हे फक्त तो माणूस सांगू शकतो. ज्याला आजाराचं नावच माहीत नाही, त्याच्या वतीने केलेली निवड त्याची नसते.

म्हणून विनंती एवढीच. बायोप्सीचा रिपोर्ट आला की आठवडाभर कुठेही सही करू नका. पीएसए, ग्लीसनचे दोन्ही आकडे आणि स्कॅन एका फाइलमध्ये लावा. ग्रंथी काढणारे सर्जन आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही भेटा, कारण प्रत्येकाला आपल्या हातातला उपचार जास्त जवळचा वाटणं स्वाभाविक आहे. आणि दोन्ही भेटींना वडिलांना आत न्या, आईलाही न्या, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.